पाच नंबरचे राहिलेले आठ भाग

मीटरकाकांना ‘एखादी चांगली सिरीज सांगा’ म्हटलं की ते आधी वजन विचारतात. सिरीजचं नव्हे, तुमचं. आणि तेही आजचं, काट्यावरून उतरल्या उतरल्या. नवीन माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं. ऐकू त्यांना झकास येतं. तीन खुर्च्या पलीकडे कुणी चोरून पाण्याचा दुसरा घोट घेतला, तर त्या घोटाचा आवाजसुद्धा त्यांच्या कानातून सुटत नाही.

आमचं हे डायलिसिसचं युनिट म्हणजे एक लांबट खोली. पाच खुर्च्या, पाच मशिनं, एक मोठी काच आणि काचेबाहेर नातेवाइकांसाठी बाकडं. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, दोन नंबरच्या खुर्चीवर बसतो, मीटरकाका चार नंबरवर आणि मी बाकड्यावर. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सात ते अकरा. तीन वर्षं झाली, आमच्या घरात आठवड्याला वार तीनच आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे मधले खड्डे, आणि रविवार कॅलेंडरवाल्याने उगाच शोभेला छापलेला.

तर वजन. ज्याची किडनी बंद पडली त्याने दोन दिवसांत जे काही प्यायलं ते अंगातच राहतं, आणि मशीन ते चार तासांत ओढून काढतं. किलोभर वाढलेला माणूस आरामात बसतो. तीन किलो वाढवून आलेल्याचा तिसऱ्या तासाला बीपी कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि तो डॉक्टरांपासून मशीन बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. अशा माणसाला काका भुताची सिरीज देत नाहीत. त्यांचं म्हणणं, बीपी भुतामुळे पडला की मशीनमुळे, हे सिस्टरला कळायला नको का?

दुसरा प्रश्न, कुठला हात मोकळा? सुया टोचलेला हात चार तास हलवायचा नसतो. उजवा अडकलेला असेल तर डाव्या हाताने पुढे पळवत बसावी लागेल अशी रटाळ सिरीज उपयोगाची नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण तो काका स्वतःलाच विचारतात. त्या सिरीजमध्ये पाणी किती आहे? दिवसाला जेमतेम दोन पेले पाण्यावर जगणाऱ्या माणसांना तुम्ही समुद्रकिनाऱ्यावरची प्रेमकथा दाखवू शकत नाही. काकांनी सगळ्या सिरीजची तीन गटांत विभागणी करून टाकली आहे: कोरडी, दमट आणि ओली. खुनाच्या तपासाच्या बहुतेक कोरड्या. कोर्टातल्या दमट, कारण वकील बोलता बोलता पेला उचलतो, पण पुरता रिकामा करत नाही. एकदा एका गाजलेल्या सिरीजमध्ये वाळवंटातून सुटून आलेला नायक अख्खा तांब्या घटाघटा पिऊन टाकतो. आमच्या पाचही खुर्च्यांनी तो प्रसंग तीन-तीनदा मागे घेऊन बघितला आणि त्या शनिवारी कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. काकांनी तिला ओलीच्याही खाली टाकलं. ‘मोठी माणसं बघत असताना लावू नये,’ असा शेरा मारला.

काकांनी एकतीस वर्षं घरोघर विजेच्या मीटरचे आकडे टिपले. जिन्याखाली, दाराआड, न्हाणीघराच्या भिंतीवर, जिथे घरचा माणूस सहसा परक्याला नेत नाही तिथे त्यांचा मुक्त संचार. मीटर भरधाव फिरतंय आणि घर चिडीचूप, म्हणजे भांडण झालेलं आहे आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीत पंखा लावून बसलाय, हे ते उंबऱ्यातच ओळखत. पण आकडा टिपला की निघावं लागे. पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. ते म्हणायचे, एकतीस वर्षं लोकांच्या गोष्टी दोन-दोन मिनिटं बघितल्या, आता चार-चार तास बघतो. सरकारने माझी थकबाकी अशी फेडली.

परगावी असलेल्या त्यांच्या मुलाने वाढदिवसाला त्यांना आपल्या ओटीटीचा पासवर्ड दिला. त्या खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. काकांनी घरच्यांची नावं घालण्याऐवजी ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’, ‘चार’, ‘पाच’ अशी नावं घातली आणि पासवर्ड अख्ख्या रांगेला वाटून टाकला. प्रत्येकाच्या फोनवर आपापली खुर्ची, आपापली सिरीज, आपण कुठपर्यंत आलो याची लाल रेघ. दादाची लाल रेघ तीन वर्षं एकाच सिरीजच्या पहिल्या भागाच्या पाचव्या मिनिटावर उभी आहे. त्या मिनिटाला दादा घोरायला लागतो. ‘तुमच्या दादासारखा प्रेक्षक मिळायला नशीब लागतं,’ काका मला म्हणतात. ‘त्याला अजून एकही सिरीज वाईट निघालेली नाही.’

या प्रोफाइलांमुळेच युनिटमध्ये एक रीत पडली.

एक नंबरवर पूर्वी एक मास्तर बसायचे. खुनाची सिरीज बघताना त्यांनी सगळ्यांना निक्षून सांगितलं होतं की खुनी डॉक्टर आहे. दोन भाग राहिले असताना एका गुरुवारी मास्तर आले नाहीत, आणि शनिवारी त्यांच्या खुर्चीवर एक बेकरीवाला बसला. खुर्ची दुसऱ्याला दिली याचा आमच्याकडे एकच अर्थ. त्याबद्दल कुणी विचारत नाही. एकदा एकाने विचारलं होतं, आणि खरं उत्तर मिळालं होतं; तेव्हा त्याचे मशीनवरचे तीन तास बाकी होते. ते उत्तर घेऊन तो कुठे उठून जाणार? तेव्हापासून नाही विचारत. पण काकांनी त्या दिवशी आपली सिरीज बंद केली, ‘एक’ उघडलं, मास्तरांचे राहिलेले दोन भाग बघितले, आणि शेवटी बेकरीवाल्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाले, ‘मास्तर, चुकलात. डॉक्टर नव्हता.’ मग ते प्रोफाइल पुसून नव्या माणसाला दिलं.

पुढे तो नेमच झाला. खुर्ची दुसऱ्याला गेली की आधीच्याचे राहिलेले भाग काका बघून संपवणार. घरी नाही, इथेच, मशीनवर. एका किराणावाल्याने सासू-सुनेची एक सिरीज साठाव्या भागावर सोडली होती. ती पुढे दोनशेपर्यंत होती. काकांनी चार महिने ती बघितली. रोज येऊन त्या किराणावाल्याला चार शिव्या हासडायचे आणि मग इमानाने पुढचा भाग लावायचे.

पाच नंबरवर टेलरताई होती. चाळिशी नुकती ओलांडलेली. बाजारात शाळेचे गणवेश शिवायचं तिचं दुकान होतं. दुखणं वाढल्यावर ते बंद करून ती भावाकडे राहायला आली. जीभ म्हणजे कात्री. काकांच्या शिफारशी सगळी रांग मुकाट्याने मान्य करायची, ही बाई मात्र एकेकीचा उसवून उसवून निकाल लावायची. काकांनी मोठ्या हौसेने तिला एका जुन्या काळच्या राणीची सिरीज दिली. दोन भागांनंतर ताई म्हणाली, राज्य तीनशे वर्षांपूर्वीचं आणि राणीच्या झग्याला मशीनची शिलाई. असल्या राणीचं राज्य गेलं तर मला कशाला रडू येईल? काका दोन दिवस फुरंगटून बसले. पण नंतर मी बघितलं, नवीन सिरीज आली की ते आधी तिला बघायला लावायचे आणि तिने पास केली तरच बाकीच्यांना सांगायचे.

तिला शेवटी मनापासून आवडली ती एका टपालवालीची सिरीज. तीन सीझन, तीस भाग. कुठल्या तरी थंड गावातल्या पोस्टात पत्ता न सापडलेली पत्रं साठलेली असतात. तिथली पोक्त कारकूनबाई ती चोरून उघडते आणि एकेकाचा मालक शोधायला निघते. गावात बर्फ फार. बर्फ मोजायचा की नाही, म्हणजे सिरीज कोरडी धरायची की दमट, यावर मशीन सुरू होईपर्यंत काका आणि ताईचं वाजलं. ताईचं म्हणणं, आम्ही बर्फाचा खडा चघळतो तो डॉक्टर पाण्यातच मोजतात. काका म्हणाले, तो घरातला बर्फ, हा रस्त्यावरचा. शेवटी दमट ठरली.

एका गुरुवारी ताई म्हणाली, ‘काका, तिच्या कोटाचं तिसरं बटण बघितलंत? दर दोन-चार भागांनी दोऱ्याचा रंग बदलतो. तिचं बटण ती स्वतःच लावते, मिळेल त्या दोऱ्याने. घरात दुसरं कुणी नाही तिच्या.’

काकांनी ती सिरीज आधी पुरी बघितली नव्हती. पहिले पाच भाग बघून तिला दिली होती. घरी जाऊन त्यांनी ते पाच भाग परत बघितले, फक्त बटणासाठी. बटण खरंच तसं होतं.

ताईचं मात्र बिनसत चाललं होतं. सुया टोचायची डाव्या हातातली शीर बंद पडली, मग उजव्या हातात केलेली बंद पडली. मग मानेत नळी घातली. नळीतून दोनदा ताप भरला. भाऊ आणि वहिनी दोघंही नोकरी करणारे; आळीपाळीने अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला आणायचे. वहिनी स्वभावाने गरीब, कधी एका शब्दाने बोलली नाही. ताईला तेच जास्त लागायचं. ती एकदा मला म्हणाली होती, भांडली असती तर बरं झालं असतं, मी पण चार शब्द सुनावले असते. हे असं कुणी चांगलं वागायला लागलं की माणसाने करायचं काय?

शेवटच्या गुरुवारी तिने बाविसावा भाग बघितला. त्यात पत्रांच्या ढिगात टपालवालीला स्वतःच्या नावाचं एक पत्र सापडतं आणि ती ते न उघडता कोटाच्या खिशात ठेवते. ‘बाई शहाणी आहे,’ ताई म्हणाली, आणि वहिनीच्या खांद्याला धरून निघाली.

शनिवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी नाही. पुढच्या शनिवारी पाच नंबरवर एक नवीन माणूस बसला. बसचा कंडक्टर होता, तिकिटं फाडून फाडून अंगठा चपटा झालेला, आणि मशीनकडे असा बघत होता की जणू ते त्याला सुटे पैसे मागणार आहे. सिस्टर त्याला समजावत होती. आमच्या रांगेतून कुणीही मान वर केली नाही. दादासुद्धा त्या दिवशी जागा राहिला.

काकांनी ‘पाच’ उघडलं. आठ भाग राहिले होते. त्या दिवशी त्यांनी तेविसावा आणि चोविसावा बघितला. उठताना मला म्हणाले, ‘धाकटे, तीन दिवस पुरतील अजून. मंगळ, गुरू, शनी.’ मला ते ‘धाकटे’च म्हणतात, दादाचा धाकटा, म्हणून.

मंगळवारी मी दादाला घेऊन पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. दार अजून बंद होतं, सिस्टर यायची होती. काका बाकड्यावर बसले होते. तीन वर्षांत मी त्यांना बाकड्यावर बसलेलं बघितलं नव्हतं. ते काट्याजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्याच्या वजनावर टिप्पणी करायचे. आज स्वच्छ दाढी केलेली, केस विंचरलेले. मला हात धरून शेजारी बसवून घेतलं आणि हळूच म्हणाले, ‘ती आहे.’

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. पलीकडून टेलरताई. आवाज बसलेला, दोन शब्दांमध्ये दम लागत होता. तिने कसे आहात वगैरे काही विचारलं नाही.

‘काका, तेविसावा आणि चोविसावा भाग कुणी बघितला?’

काकांच्या तोंडून निघालं, ‘मी.’

‘मग मी मेले का?’

काका मला सांगत होते, एकतीस वर्षांत लोकांनी माझ्या अंगावर कुत्री सोडली, दारं आपटली, पण असं कधी झालं नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘अगं, तुझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलाय.’

त्यावर ताई हसली आणि हसता हसता बराच वेळ खोकत राहिली. मग तिने सांगितलं की मेलेली नाही, यायचं बंद केलंय. आता पुन्हा नळी नको, रजा नको, गाडी नको. भावाला तिनेच बजावलं होतं की सिस्टरला कळव आणि बाकी कुणाला सांगायचं नाही असं सांग. सिस्टरने तेवढं पाळलं. घरी पडल्या पडल्या तिने फोन उघडला तर लाल रेघ आपोआप दोन भाग पुढे सरकलेली. या रांगेत त्याचा अर्थ काय होतो हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. मास्तरांच्या वेळी ती इथेच होती.

‘एवढं केलंत तर अजून एक करा,’ ती म्हणाली. ‘राहिलेले सहा आजच बघून टाका आणि त्या पत्रात काय होतं ते मला फोनवर सांगा. डोळ्यांवर एवढी सूज आहे, मला बघवत नाही.’

आणि इथे काकांना एक युक्ती सुचली. ते सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. ते म्हणाले, नाही सांगणार. पत्र बघायचं असेल तर इथे ये. माझ्या खुर्चीवर बस, मी तुझ्यानंतर बसतो, माझं काही अडत नाही. फोन मी धरतो, तू नुसती ऐक. उरलेलं आपण दोघं मिळून संपवू.

‘कधी?’ तिने विचारलं.

‘मंगळवारी. सातला.’

‘मंगळवारी?’

‘मंगळवारी. उशीर करू नकोस, मी थांबणार नाही.’

मग ती ‘बरं’ म्हणाली.

एवढं सांगून काका माझ्याकडे बघून हसले. तीन वर्षं जिला कोणतीही सिरीज पसंत पाडायची म्हणजे नाकी नऊ यायचे, ती बाई सहा भागांसाठी परत येणार होती. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, काका, तुम्हाला मानलं. खरंच मानलं होतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी दुसरं काहीही आलं नाही. दादाला सांगितलं तर त्यानेही मान डोलावली आणि विचारलं, आज मंगळवारच ना?

सातला पाच मिनिटं असताना सिस्टर आली. काका उठून तिच्यासमोर उभे राहिले, आपली खुर्ची आज ताईला द्यायची आहे म्हणाले, आणि रविवारच्या फोनची हकिकत एका दमात सांगितली. सिस्टर कुलपाला किल्ली लावत होती. तिचा हात तसाच राहिला.

‘रविवारी?’ ती म्हणाली. ‘काका, मला तेव्हाच का नाही फोन केलात? वर अतिदक्षता विभागात एक मशीन असतं. रात्रंदिवस असतं. ती तयार झाली होती तर त्याच संध्याकाळी आणायची होती.’

तिने दार उघडलं, पिशवी टाकली आणि भावाचा नंबर लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग फोन बाजूला ठेवून ती काकांचं चार नंबरचं मशीन तयार करायला लागली. नळ्या जोडल्या, चादर बदलली, ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत आणून खुर्चीशी ठेवलं. तोवर बाकीचे आपापल्या जागी बसले. कंडक्टर पाच नंबरवर बसला. सगळ्यांना सुया लागल्या. चार नंबरची खुर्ची स्वच्छ चादर अंथरून रिकामी.

काका बाहेर माझ्याशेजारी बसून राहिले. सिस्टर दर वीस मिनिटांनी काचेतून खूण करायची, तुम्ही तरी बसा. ते मानेनेच नाही म्हणायचे. एवढी सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मध्येच त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. शुक्रवार, शनिवार, रविवार. मागच्या मागच्या गुरुवारपासून. मशीनशिवाय बारा दिवस झाले. मी म्हटलं, काका, काही जण पंधरा दिवससुद्धा काढतात. मला यातलं काडीचंही कळत नाही.

पावणेनऊला जिन्यात पावलं वाजली. काका उभे राहिले. वर आला तो ताईचा भाऊ. एकटाच. हातात तिची कापडी पिशवी, जिच्यात ती इथे येताना शाल आणि चार्जर आणायची.

तो काकांना ओळखत होता. त्यांच्यासमोर येऊन थांबला आणि अगदी साध्या आवाजात सांगायला लागला, जसं कुणी बस का चुकली ते सांगतं. रविवारी संध्याकाळी ताईने स्वतः सांगितलं होतं की मंगळवारी जायचंय. त्याने म्हटलं होतं, आत्ताच नेऊ का? ती म्हणाली नाही, काकांनी मंगळवारी बोलावलंय, तेव्हा खुर्ची मिळेल. सोमवारी दिवसभर ती उशाला टेकून बसून होती, आडवं होता येत नव्हतं. पण बरं बोलत होती. वहिनीला पत्राची गोष्ट सांगत होती. पहाटे पाचला उठून तिने केस बांधून घेतले, ही पिशवी भरून घेतली. साडेपाचला तिला श्वास लागला. भाऊ शेजाऱ्याला उठवायला गेला, तेवढ्यात संपलं.

‘गाडी साडेसहाची सांगून ठेवलेली होती,’ भाऊ म्हणाला. ‘गाडीवाला बिचारा येऊन दारात उभा राहिला. म्हटलं, आलीच आहे तर तुम्हाला सांगून तरी यावं. फोन घरी राहिला.’

काकांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली, बघितली, आणि परत दिली. भावाने विचारलं, ‘त्या पत्रात काय असतं हो? ती सारखी म्हणत होती, काकांना विचारू.’

‘मला माहीत नाही,’ काका म्हणाले. ‘मी अजून बघितलेलं नाही.’

भाऊ गेल्यावर सिस्टर बाहेर आली. तिने काकांच्या दंडाला धरून आत नेलं आणि ताईसाठी तयार करून ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं. दुसरा इलाजच नव्हता. दुपारची तुकडी एकला येणार होती आणि काकांच्या अंगातही दोन दिवसांचं पाणी होतं. ऑक्सिजनचं सिलिंडर तिने हळूच परत कोपऱ्यात नेलं. सुया लागताना काकांनी एरवीसारखं ‘सिस्टर, आकडा बरोबर टिपा’ म्हटलं नाही. फोन खिशातून काढलाही नाही. मी आत जाऊन त्यांच्याजवळ स्टुलावर बसलो. कुणी हटकलं नाही.

तासभर ते छताकडे बघत होते. मग माझ्याकडे मान न वळवता म्हणाले, ‘मला माहीत होतं हो, धाकटे. वर मशीन असतं ते. किराणावाल्याला एकदा रविवारीच नेलं होतं, मीच होतो बरोबर. माहीत होतं. पण तोंडात मंगळवारच आला.’

मी तर त्यांची पाठ थोपटली होती.

त्यांचं वजन त्या दिवशी जेमतेम किलोभर वाढलेलं होतं. तरी दुसऱ्याच तासाला बीपी कोसळला. सिस्टरने खुर्ची मागे पाडली, पाय वर घेतले, सलाइन सोडलं. चेहरा कागदासारखा झाला होता. शेजारचा कंडक्टर घाबरून आपल्याच नळ्यांकडे बघायला लागला. पाच-सात मिनिटांनी काकांचे ओठ हलले. मी वाकलो.

‘दादाला रविवारी काही झालं तर कुठे न्यायचं?’

‘इथेच,’ मी म्हटलं.

‘मोठ्याने.’

‘इथेच, काका. वरच्या मजल्यावर. रविवारीसुद्धा.’

त्यांनी मान हलवली आणि दोन नंबरकडे बोट केलं. दादाला मी हलवून जागं केलं. त्याने डोळे चोळत तेच म्हटलं. मग बोट एक नंबरकडे गेलं. बेकरीवाल्याने म्हटलं. तीन नंबरवाले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ कधी कुणाशी फार बोलत नसत, त्यांनीही म्हटलं. सिस्टर मशीनशी उभी होती, पण ती मध्ये पडली नाही.

राहिला कंडक्टर. त्याचा हा दुसराच दिवस. त्याला टेलरताई माहीत नव्हती, टपालवाली माहीत नव्हती, आपण कुणाच्या खुर्चीवर बसलोय तेही माहीत नव्हतं. शनिवारपासून तो एवढंच ऐकून होता की चार नंबरचे काका सिरीज चांगल्या सांगतात. त्याने बिचकत विचारलं, ‘काका, हे कुठल्या सिरीजमधलं आहे?’

‘तू नुसतं म्हण,’ काका म्हणाले.

‘इथेच,’ कंडक्टर म्हणाला. ‘वरच्या मजल्यावर. रविवारीसुद्धा.’

काकांनी त्याच्याकडून ते आणखी दोनदा म्हणून घेतलं.